बिगर-संगणक पदवीधरांना एम.सी.ए. : अर्ज करण्यापूर्वी काय पाहावे?

(मुळशी तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



भात, खत आणि पाणी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण परिसरात एम.आय.डी.सी.चे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले. भाताच्या खाचरांच्या जागी संगणक कंपन्यांच्या इमारती आल्या. साहजिकच गावोगावचे पालक विचारतात, ''मुलगी बी.एस्सी. ॲग्री झाली, मुलगा बी.कॉम. झाला. आता त्यांना संगणकाची मोठी पदवी घेता येईल का?'' उत्तर असे की, घेता येते. पण प्रत्येकाला नाही आणि तयारीशिवाय तर नाहीच.

एम.सी.ए. म्हणजे काय?

संगणक उपयोजन या विषयातील ही पदव्युत्तर पदवी आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून ती दोन वर्षांची झाली. संगणक शिकून आलेल्यांचे एक वर्ष वाचले. परंतु कृषी, वाणिज्य किंवा कला शाखेतून येणाऱ्यांना पाया घालण्यासाठी जो वेळ मिळत होता, तो कमी झाला. म्हणून अशा विद्यार्थ्यांना विद्यापीठाने ठरविलेला पूरक अभ्यासक्रम, म्हणजेच ब्रिज कोर्स, नेहमीच्या विषयांबरोबर पूर्ण करावा लागतो. लावणीच्या दिवशी रोप तयार नसेल तर चिखलणी करूनही उपयोग नाही. तसेच हे आहे.

पात्रता आणि गणिताची अट

पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गाच्या उमेदवारांना ही मर्यादा ४५ टक्के आहे. खरी अडचण गणिताची असते. बिगर-संगणक पदवीधराने बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेले असावे, असा नियम बरीच वर्षे होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०२४ पासूनच्या पुस्तिकेत 'शक्यतो गणित' असा शब्दप्रयोग आला आणि गणित नसणाऱ्यांना त्याचा पूरक अभ्यासक्रम सक्तीचा झाला. मात्र आपल्या राज्यातील प्रवेश राज्याच्या माहितीपुस्तिकेनुसार होतात. म्हणून त्या-त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा.

कृषी पदवीधरांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपली बरीच मुले बारावीला जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. कृषी महाविद्यालयात त्यांना प्राथमिक गणिताचा एक छोटा पूरक विषय असतो, संख्याशास्त्रही असते. हे विषय 'पदवी स्तरावरील गणित' म्हणून धरले जातील असे स्वतःच गृहीत धरू नये. गुणपत्रिका घेऊन प्रवेश सुविधा केंद्रावर जावे आणि शक्य असल्यास लेखी उत्तर घ्यावे. फी भरल्यानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारणे केव्हाही चांगले.

अर्ज दोन, एक नव्हे

पहिला अर्ज प्रवेश परीक्षेचा. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई ही परीक्षा घेतो. ९० मिनिटांची ही परीक्षा संगणकावर द्यावी लागते. गणित व संख्याशास्त्र, तर्कशक्ती, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वे यांवर प्रश्न असतात. गुणांची विभागणी बदलू शकते, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नये.

दुसरा अर्ज केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणजे प्रवेश आपोआप मिळेल अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. निकालानंतर स्वतंत्र नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी आणि मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम, अशा पायऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचेच महाविद्यालय मिळाले तर ते स्वीकारावे लागते. म्हणून पसंतीक्रम भरताना घाई करू नये. काही विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांचे प्रवेश वेगळ्या रीतीने होतात, त्याचीही चौकशी करावी.

कागदपत्रे

दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. ती मुलगा शेवटच्या वर्षाला असतानाच मार्गी लावावी. तहसील कार्यालयाचे दाखलेही उन्हाळ्यातच काढावेत. पेरण्यांची धांदल आणि दाखल्यांच्या रांगा एकाच वेळी येतात, हे आपणास माहीत आहेच.

पैशाचा विचार

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास फीमध्ये सवलत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेत आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करावे लागतात.

या सवलती केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत. संस्था स्तरावरील जागा घेतली तर त्या मिळत नाहीत. ''जागा मी मिळवून देतो'' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. अशा जागेसाठी गुंठाभर जमीन विकण्याचा विचारही मनात आणू नये. पदवीमागे नोकरी आपोआप येत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांना कोठे काम मिळाले, हे त्याच विद्यार्थ्यांकडून ऐकावे.

आधी आवड तपासा

पैसे गुंतविण्यापूर्वी तीन महिने रोज दोन तास मुलाने प्रोग्रामिंगची एक भाषा शिकून पाहावी. बारावीचे गणित पुन्हा उघडावे. छोटा प्रोग्राम चुकला, तरी तो दुरुस्त होईपर्यंत बसण्याची चिकाटी दिसली, तर खुशाल अर्ज करावा. तीन आठवड्यांत कंटाळा आला, तर दोन वर्षे आणि फी वाचली असे समजावे.

कृषी पदवीधरांसाठी आणखी एक वाट आहे. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत संगणक उपयोजन विषयातील एम.एस्सी. आहे. तिचा प्रवेश भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून होतो. शेतीचे ज्ञान येथे वाया जात नाही, उलट कामी येते. पात्रता त्यांच्या माहितीपत्रकात पाहावी. घर सोडणे शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची एम.सी.ए. घरी राहून, शेती सांभाळून करता येते.

बंधू-भगिनींनो, शेती शिकलेल्या मुलाने संगणक शिकणे म्हणजे शेतीकडे पाठ फिरविणे नव्हे. हवामान, बाजारभाव, माती परीक्षण या प्रत्येक कामात आज संगणक आहे, आणि भाताचे खाचर ठाऊक असलेला संगणकतज्ज्ञ सहजी मिळत नाही. मुलांना जरूर पाठवा. पण नियम वाचून, कागद तयार ठेवून आणि त्यांची आवड पाहून पाठवा.