रंगीत काचेची मुदत ठेव

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पस्तीस वर्षं बँकेत काढली. नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिच्यातले तंतू चमकायचे. ते का चमकतात, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. पण नात म्हणाली, "आजोबा, मला फिजिक्समध्ये संशोधन करायचंय," तेव्हा मात्र लगेच विचारलं, "याचा उपयोग काय? पगार कधी सुरू होणार?"

तिने वाद घातला नाही. एका माणसाची गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगतो.

अलेक्सी एकिमोव्ह, जन्म १९४५, लेनिनग्राड. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, १९७४ साली डॉक्टरेट. पुढे ते रंगीत काचेच्या मागे लागले. काचेत कॉपर क्लोराइड घालून ती ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवायची. कधी एक तास, कधी ९६ तास. काचेत बारीक स्फटिक तयार व्हायचे. सगळ्यांत लहान होते दोन नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखांतले दोन भाग! पदार्थ तोच, पण स्फटिक जितका लहान, तितका तो शोषतो तो प्रकाश निळ्याकडे सरकायचा. नुसत्या आकाराने रंग बदलत होता.

१९८१ साली त्यांनी हे सोव्हिएत नियतकालिकात छापलं. अमेरिकेत लुईस ब्रुस यांना याचा पत्ताच नव्हता. १९८३ साली त्यांना द्रवातल्या कणांत तेच आढळलं. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी हवे त्या आकाराचे कण बनवायची रीत शोधली.

हेच क्वांटम डॉट. अतिनील प्रकाश टाकला की लहान कण निळे उजळतात, मोठे लाल. पेशीतल्या एखाद्या रेणूला ते जोडले की तो कुठे आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. दुकानातल्या क्यूएलईडी टीव्हीतही तेच असतात. २०२३ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. एकिमोव्ह तेव्हा ७८ वर्षांचे होते. पहिल्या निबंधाला ४२ वर्षं झाली होती.

मंडळी, खरं सांगतो. १९८१ साली हे गृहस्थ माझ्या टेबलासमोर कर्ज मागायला बसले असते, तर 'तारण नाही, परतफेडीची खात्री नाही' असा शेरा मारून मी अर्ज परत केला असता.

गेल्या महिन्यात नातीच्या फीसाठी एक मुदत ठेव मोडली. या वेळी परतावा विचारला नाही. तुमच्या घरातलं कुणी असा हट्ट धरून बसलं असेल, तर आधी त्याला एवढंच विचारा, "नक्की काय शोधतोयस?" मी ते उशिरा विचारलं.