लेकीचा अर्ज वेचणीच्या हंगामातच भरा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, पीककर्ज यांवर सकाळपासून बोलणे झाले. आमच्याकडे विषय वेगळा आला आहे. गावोगावच्या बैठका आटोपल्या की कोणीतरी बाप मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "साहेब, पोरगी बारावीला आहे. नर्सिंगला जायचे म्हणते. किती पैसे लागतील?" हा प्रश्न आता इतक्या गावांतून येतो की त्याचे उत्तर एकदा सगळ्यांसमोर दिलेले बरे.

पैशाचे नंतर सांगतो. आधी रस्ते किती आहेत ते पाहू. परिचारिका होण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला एएनएमचा. दोन वर्षांचा, बारावी कोणत्याही शाखेची चालते, प्रवेश फक्त मुलींना. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर याच शिक्षणातून आलेल्या असतात. दुसरा जीएनएमचा. तीन वर्षांचा. याला विज्ञान शाखेला प्राधान्य आहे, पण कला शाखेची मुलगीही चालते. बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ४० टक्के गुण लागतात. तिसरा बीएस्सी नर्सिंगचा. चार वर्षांचा, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. याला बारावी विज्ञान हवे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, आणि इंग्रजीत उत्तीर्ण. वय ३१ डिसेंबरला १७ वर्षे पूर्ण पाहिजे. जीएनएम आणि बीएस्सी मुलांनाही खुले आहे, हे ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांनी ऐकून ठेवावे. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेता येते. म्हणजे कला शाखा घेतली म्हणून पोरीचे दार बंद झाले, असे कोणी समजू नये.

बीएस्सी नर्सिंगसाठी २०२३ पासून राज्याची वेगळी सामाईक प्रवेश परीक्षा आहे. मुंबईचा सीईटी कक्ष ती घेतो. शंभर प्रश्न, शंभर गुण, वेळ ९० मिनिटे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, असे प्रत्येकी २० प्रश्न. परीक्षा संगणकावर असते. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता हिशेब मांडा. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. आपल्या मुलींना उत्तर येत नाही असे नाही, उत्तर लिहून काढायची सवय असते आणि निवडून काढायची नसते. म्हणून घड्याळ लावून सराव पाहिजे. आमचा अनुभव असा की मुली भौतिकशास्त्राला भितात आणि सगळा वेळ त्यातच घालतात. वीस गुणांच्या विषयाला वीस गुणांइतकाच वेळ द्यावा. जीवशास्त्रात शरीराची रचना, रक्त, पचन, श्वसन, पुनरुत्पादन हे धडे पक्के करावेत. पुढे चार वर्षे तेच कामाला येणार आहेत. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास व्याकरण आणि एक उतारा. 'कल' म्हणजे रुग्णाशी कसे वागावे, कोणती गोष्ट आधी करावी, साधी तर्कबुद्धी. ज्या मुलीने घरातल्या आजारी आजीचे केले आहे, तिला त्यातले निम्मे आधीच येते.

महागडी शिकवणी लावलीच पाहिजे असे नाही. अकरावी-बारावीची राज्य मंडळाची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तीच दोनदा शेवटपर्यंत वाचावी, धड्यामागचे प्रश्न सोडवावेत. मात्र संगणकाला हात न लावता परीक्षेला पाठवू नका. माऊस धरायलाच दहा मिनिटे गेली तर दहा-अकरा प्रश्न गेले.

खरी अडचण तारखांची आहे, आणि इथे आपण शेतकरी मार खातो. परीक्षेचे अर्ज निघतात तेव्हा घरात कापूस वेचणी चालू असते किंवा तुरीचे खळे असते. प्रवेशाच्या फेऱ्या लागतात तेव्हा पेरणी नाहीतर डवरणी. पोरगी वेचणीला, बाप बाजारात, आणि अर्जाची मुदत टळून जाते. पेरणीची वेळ साधायला आपण रात्रभर आभाळाकडे बघतो. लेकीच्या अर्जाला तेवढीच नजर लावा. दरवर्षीच्या तारखा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लागतात. ऐकीव तारखेवर विसंबू नका. सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या एएनएम-जीएनएम शाळांची चौकशी जिल्हा रुग्णालयात स्वतः जाऊन करा.

कागद आधी जमवा. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ज्यांना लागतो त्यांना नॉन-क्रिमीलेअर, आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला महिने लागतात. तिचा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत टाका. निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची हक्काची जागा कागदावाचून जाते.

आता पैसे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय केला. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींना शिष्यवृत्ती वेगळी आहे. पण अट नीट ऐका. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. तालुक्याच्या ठिकाणी दलाल फिरतात. "परीक्षेची कटकट नको, सीट मी देतो" म्हणून लाख-दोन लाख उचलतात. बाप बैलजोडी विकून पैसे देतो, आणि जी फी माफ झाली असती ती खिशातून भरतो. काही ठिकाणी तर शाळेला मान्यताच नसते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय परिचारिकेचे काम करता येत नाही, आणि मान्यता नसलेल्या शाळेच्या कागदावर नोंदणी होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी परिषदेकडे त्या शाळेचे नाव तपासा. माफीत वसतिगृह, खानावळ, गणवेश येत नाही, तो खर्च धरून चाला.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. नर्सिंग झाले म्हणजे सोन्याची खाण सापडली असे नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि दोनशेवर खाटा असतील तिथे तो सरकारी परिचारिकेइतका असावा. शिफारस कागदावर राहिली. आजही बारा तास राबवून त्याहून कितीतरी कमी हातावर टेकवणारी रुग्णालये आहेत. मालाला भाव नाही आणि घामाला दाम नाही, हे दुखणे आपल्याला नवे नाही. आपली मुलगी पांढऱ्या कपड्यात गेली म्हणून ते संपत नाही. कापसाच्या रास्त भावाची मागणी करणाऱ्यांनी या मुलींच्या रास्त पगाराची मागणीही आपलीच मानली पाहिजे.

तरीही पाठवा म्हणतो, कारण कोरडवाहू घराला पावसावर न टांगलेली एक मिळकत हवी. आणि गावालाही गरज आहे. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा जाणते हात जवळ असणे म्हणजे काय ते आपण पाहिले. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला हजारोंनी जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी बायकोच्या नावे जमीन केली. ज्यांनी बायकोला सातबाऱ्यावर घेतले, त्यांनी लेकीच्या बारावीनंतर लगेच स्थळ शोधायला निघू नये.

म्हणून प्रत्येक गावशाखेला तीन कामे सांगतो. दिवाळीच्या आत गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलींची यादी करा. दाखल्यांसाठी एक दिवस ठरवून सगळ्यांना एकत्र तहसीलला न्या. आणि ज्याच्या घरी संगणक आहे त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी तो सरावाला मोकळा ठेवा. पुढच्या मेळाव्यात कोणत्या गावातून किती अर्ज भरले गेले, हे आम्ही शाखेचे नाव घेऊन विचारणार आहोत.