वालाच्या दाण्यांतील शास्त्र : डॉ. कमलाबाई सोहोनी

पनवेलजवळच्या नेरे गांवापासून अलिबागपर्यंत कोणत्याहि घरीं जावें, वालाचें बिरडें ठाऊक नाहीं अशी गृहिणी सहसा भेटावयाची नाहीं. वाल रात्रभर भिजवावे, फडक्यांत बांधून त्यांना मोड आणावे, कोमट पाण्यांत टाकून सोलावे आणि मग मऊ शिजवावे, ही रीत आजीकडून नातीकडे चालत आली आहे. एवढा खटाटोप कशासाठीं, याचें एक शास्त्रीय उत्तर मुंबईच्या प्रयोगशाळेंत मिळालें. तें शोधणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत; सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. वडील व चुलते दोघेहि रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा अग्रक्रमानें उत्तीर्ण होऊन १९३३ सालीं कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. वडिलांना व चुलत्यांना जें दार उघडें होतें, तें गुण असूनहि मुलीला बंद झालें.

कमलाबाई मुकाट्यानें घरीं बसल्या नाहींत. त्यांनीं थेट रामन यांच्यापुढें जाऊन दाद मागितली. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या कसोटीवर; काम पसंत पडेपर्यंत नियमित विद्यार्थिनी म्हणून त्यांची गणना व्हावयाची नव्हती. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपलें, रामन यांचें समाधान झालें आणि पुढें इतर मुलींनाहि तेथें प्रवेश मिळूं लागला. मात्र त्या अटीचा सल कमलाबाईंच्या मनांतून गेला नाहीं. उतारवयांतहि त्यांनीं तो बोलून दाखविला.

पुढें केंब्रिजला बटाट्यावर काम करतांना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य आढळलें. पेशींच्या श्वसनक्रियेंत त्याचा मोठा वांटा असतो. सुमारें ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्वत्ता पानांच्या संख्येनें मोजावयाची नसते, हें यावरून दिसेल.

स्वदेशीं आल्यावर त्यांनीं दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयांत अध्यापन केलें आणि नंतर कुन्नूरच्या आहारसंशोधनशाळेंत काम केलें. १९४७ सालीं विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें जीवरसायन शिकवूं लागल्या. येथें विद्यार्थ्यांसह त्यांनीं संशोधनाचे विषय निवडले ते सामान्य माणसाच्या ताटांतून: कडधान्यें, भाताचें पीठ, नीरा.

वालांत प्रथिनें पुष्कळ. परंतु कच्च्या दाण्यांत त्यांचाच एक शत्रु दडलेला असतो. आपल्या आंतड्यांत प्रथिनांचे तुकडे करणारें ट्रिप्सिन नांवाचें पाचकद्रव्य असतें. त्याला अडवून धरणारें द्रव्य कमलाबाईंनीं सहकाऱ्यासह वाल व डबलबी यांतून स्फटिकरूपांत वेगळें केलें. ‘नेचर’ या नियतकालिकांत १९५५ सालीं तें प्रसिद्ध झालें. अशा द्रव्यांचा जोर भिजविल्यानें व मोड आणल्यानें कांहींसा आणि नीट शिजविल्यानें बहुतांशीं जातो. आजीच्या अनुभवाला शास्त्राची साक्ष मिळाली ती अशी.

राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचा अभ्यास केला. आंबून ताडी होण्यापूर्वीं या गोड रसांत क जीवनसत्त्व व लोह असतें, आणि पोषण न मिळालेल्या आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्याचा उपयोग होतो, असें दिसून आलें. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. संस्थेचें संचालकपद मात्र योग्यता असूनहि उशिरानेंच हातीं आलें.

निवृत्तीनंतरहि त्या स्वस्थ बसल्या नाहींत. ग्राहकांच्या चळवळींत त्यांनीं भाग घेतला व लेख लिहिले. १९९८ सालीं दिल्लींत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें त्यांचा सत्कार केला. त्याच समारंभांत त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचें निधन झालें. मान मिळाला, पण फार उशिरा.

स्वयंपाकघरांत वाल सोलतांना घरांतील मुलीनें “असें कां?” म्हणून विचारलें, तर तिला गप्प करूं नये. १९३३ सालीं बंगलोरला एका मुलीनें हाच प्रश्न विचारला होता.