पर्याय लिहा, कारणही लिहा



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो.

एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रोसेसरवर चालवायचा, तर तो कोणते पर्याय देऊन बिल्ड करायचा आणि ते पर्याय नीट लिहून कसे ठेवायचे, याच विषयासाठी आपण जमलो आहोत. या विषयाचं पुण्याशी जुनं नातं आहे. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही संगणन संशोधन संस्था स्थापन झाली. तिचा १९९१चा ‘परम ८०००’ महासंगणक ट्रान्सप्युटरवर उभा राहिला. पुढे ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क आले, ‘परम पद्म’मध्ये पॉवर-४ आणि २००८च्या ‘परम युवा’मध्ये इंटेल झिऑन. दोन दशकांच्या आत चार घराण्यांचे प्रोसेसर! प्रत्येक वेळी प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नेणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं असेल, ते या सभागृहात कुणाला सांगायला नको.

एक उदाहरण सांगतो. सी भाषेतल्या ‘कॅर’मध्ये ऋण संख्या मावावी की नाही, हे भाषेच्या मानकाने ठरवून दिलेलं नाही. लिनक्सवर इंटेल-एएमडीच्या यंत्रांत ती मावते, आर्मच्या यंत्रांत मावत नाही. वाचलेला बाइट कुणी ‘कॅर’मध्ये ठेवला आणि फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे उणे एकशी, ताडून पाहिला, तर इंटेलवर काम निभावतं. आर्मवर त्या उणे एकचे २५५ होतात, खूण कधी जुळत नाही आणि लूप थांबत नाही. खरं तर तिथे ‘इंट’ वापरायला हवा. पण कोड जुना आणि अवाढव्य असला, की ‘-एफसाइन्ड-कॅर’ हा पर्याय देऊन वेळ मारून नेली जाते.

तो पर्याय मग मेकफाइलमध्ये राहून जातो. का दिला, ते कुठेच लिहिलेलं नसतं. काही वर्षांनी एखादी नवी मुलगी प्रकल्पात येते, तो काढून बघते, तिच्या इंटेलच्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या पास होतात. निरुपयोगी समजून ती तो पुसून टाकते. तिला बोल कसा लावणार? ‘आर्मवर कॅर चिन्हरहित असतो, म्हणून हा पर्याय, फाइल वाचण्याचा भाग दुरुस्त झाला की काढावा’ एवढी एक ओळ शेजारी असती, तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता. या परिषदेकडून मला हवी आहे ती हीच ओळ.

बाकीची दुखणी आपल्या परिचयाची आहेत. ‘-मार्च=नेटिव्ह’ देऊन नव्या यंत्रावर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो. जीसीसीचा ‘-एमसीपीयू’ आर्मवर सूचनासंच आणि ट्यूनिंग दोन्ही ठरवतो, तर इंटेलवर तो फक्त ट्यूनिंगचा कालबाह्य पर्याय आहे. म्हणजे एका प्रोसेसरसाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यासाठी जशीच्या तशी उतरवली, तर ती दिशाभूल करते. ६४ बिटी आर्मवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकतो, त्यामुळे उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात. हवामानाचं गणित करणाऱ्यांना हे आधी कळायला नको का?

आता रिस्क-फाइव्ह दाराशी आलं आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर त्याच कुळातले. त्यात तर सूचनासंचाचे कोणते विस्तार आहेत आणि कोणते नाहीत, हे सांगितल्याशिवाय बिल्डची सूचना पुरीच होत नाही.

बाहेरच्या दालनात आर्म आणि रिस्क-फाइव्हचे बोर्ड मांडून ठेवले आहेत. आपापला प्रोग्रॅम तिथे बिल्ड करून पाहा आणि जिथे अडेल तिथलं कारण लगेच प्रकल्पाच्या दस्तऐवजात लिहा. मदतीला आमचे विद्यार्थी दिवसभर तिथेच आहेत.

पुन्हा एकदा आपलं स्वागत करतो आणि अध्यक्षांनी सभेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.