बुलेट किती पळवायची? थोडं शाळेतलं गणित
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला सॉफ्टवेअर क्षेत्राबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या ग्रुपवर गेले तीन महिने एकच विषय चालू आहे: मोटारसायकलींवरून महाबळेश्वर. पंचेचाळिशी आली की माणूस एकतर गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातो, नाहीतर बुलेट घेतो. आपल्या वर्गाने दोन्ही केलंय. त्यामुळे विषय बदलून मागितला आणि समितीने तो दिला, याबद्दल आभार.

बाबांची जुनी कास्ट आयर्न बुलेट 350 मी गेली दहा वर्षं चालवते. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. तिचं हँडल, सीट आणि मागचं चाक बदललेलं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाड्या अशाच 'कस्टम' आहेत. मुंबईत हे वेड नवीन नाही. अक्षय वर्दे यांनी तर 'वर्देंची' असं अस्सल मराठी नाव देऊन बुलेटवर कस्टम गाड्या बांधल्या. प्रश्न दिसण्याचा नाही. प्रश्न हा की पनवेल सोडल्यावर इंजिन तासन् तास किती फेऱ्यांवर फिरवायचं? बहुतेक बुलेटना आरपीएमचा काटाच नसतो.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "आरएक्स 100 साडेसात हजारावर पळायची, मग बुलेट पाच हजारावर का नको?" प्रश्न चांगला आहे. उत्तर आपल्याला विज्ञानाच्या तासाला शिकवलेल्या वेगाच्या व्याख्येत आहे. इंजिनच्या एका फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. आरएक्स 100 चा स्ट्रोक 50 मिलिमीटर. 7500 फेऱ्यांना तिच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला साडेबारा मीटर. बुलेट 350 चा स्ट्रोक 90 मिलिमीटर. ती 4000 फेऱ्यांनाच सेकंदाला 12 मीटरवर पोचते. म्हणजे बुलेटचे चार हजार हे जवळजवळ आरएक्सचे साडेसात हजार! शिवाय बुलेटचा पिस्टन मोठा आणि जड. त्याला दर फेरीत दोनदा थांबवून उलट फिरवायचं असतं. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 3500 वरून 4500 वर गेलात तर फेऱ्या वाढल्या 29 टक्के, ताण वाढला 65 टक्के.

आता आपली गाडी किती फेऱ्यांवर चालते हे काट्याशिवाय कसं कळणार? रविवारी सकाळी बिल्डिंगखाली करता येईल असा प्रयोग सांगते. मागच्या टायरवर खडूची खूण करा, तुम्ही सीटवर बसा आणि कोणालातरी गाडी ढकलायला सांगून एका फेरीत किती अंतर गेलं ते मोजा. समजा 2 मीटर. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, इग्निशन बंद ठेवा, स्पार्क प्लग काढा, टॉप गिअर टाका. एकाने प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा, दुसऱ्याने मागचं चाक हाताने सावकाश दहा वेळा फिरवायचं. चेनपासून बोटं लांब ठेवा. अंगठ्याला हवेचे धक्के बसतील ते मोजा. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये दोन फेऱ्यांना एक धक्का. दहा चाकांना साडेसत्तावीसच्या आसपास धक्के आले तर इंजिन 55 वेळा फिरलं, म्हणजे गुणोत्तर साडेपाच.

आता ताशी 60 म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. 2 मीटरचं चाक 500 वेळा फिरेल, इंजिन 2750 वेळा. ताशी 80 ला साधारण 3670. ताशी 100 ला 4580. पण मागचं स्प्रॉकेट पिकअपसाठी 38 ऐवजी 42 दातांचं बसवलं असेल, तर त्याच 80 ला 4050. बुलेटच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागे काय बदललंय याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून दुसऱ्याच्या बुलेटचा आकडा आपल्या बुलेटला लावू नका.

माझा हिशेब असा. 2010 च्या आसपासच्या युनिट इंजिनच्या बुलेट-क्लासिकची कमाल शक्ती 5250 ला आणि कमाल टॉर्क 4000 ला आहे. कमाल शक्ती हा आकडा इंजिन काय करू शकतं ते सांगतो, दिवसभर काय करावं ते नाही. आमच्याकडेही सर्व्हर कोणी कायम शंभर टक्के भारावर ठेवत नाही. मी कमाल शक्तीच्या दोन तृतीयांश, म्हणजे 3500 च्या आसपास राहते. ओव्हरटेकला थोडा वेळ 4000. जुन्या कास्ट आयर्नला त्याहून कमी. नव्या 349 सीसी इंजिनचे आकडे वेगळे आहेत, त्यांनी आपलं मॅन्युअल बघावं. कायद्यानेही चौपदरी रस्त्यावर दुचाकीला 80 आणि साध्या रस्त्यावर 60 हीच मर्यादा आहे, तेव्हा फारसं काही गमावत नाही.

उलट चूकही होते. पोलादपूरनंतर आंबेनळी घाट लागेल. तिथे टॉप गिअरमध्ये धकधक आवाज काढत चढू नका. कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकला की इंजिन ठोकतं, बेअरिंग मार खातात, आणि वेग कमी असल्याने हवाही लागत नाही. गिअर उतरवा, इंजिन मोकळं फिरू द्या.

हे सगळं का सांगते? इंजिन फार तापलं की पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. इंजिन जाम झालं की मागचं चाक जाम होतं, आणि मागून ट्रक येत असतो. गाडी अचानक ओढेनाशी झाली, आवाज आवळल्यासारखा वाटला, की आधी क्लच दाबा, मग कडेला घ्या. थंड होईपर्यंत किक मारू नका. निघण्याआधी ऑइल बघा. तासाभराने चहाला थांबा, तो इंजिनसाठीही असतो. आणि मूळ रचनेत बदल केले असतील तर आरटीओचे कागद आधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निकाल दिलाय.

शेवटची विनंती. पनवेलला जमल्यावर प्रत्येकाने आपला 3500 चा वेग सांगायचा. ज्याचा सगळ्यात कमी, तो पुढे राहील आणि बाकीचे त्याच्यामागे. कोणाचा 65 निघाला तर सगळे 65 ने जाऊ. महाबळेश्वर तासभर उशिरा आलं तरी चालेल. पुढच्या मेळाव्याला हजेरीपटावरचे सगळे नंबर 'हजर' म्हणायला हवेत.