पित्त म्हणून सोडू नका

जेवणानंतर पोट दुखलं की आपण म्हणतो, 'पित्त झालं', आणि सोडा पितो. आमच्या घरी दोन वर्षं हेच चाललं. दुखायचं उजव्या बरगडीखाली. शेवटी सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे!

वजन वाढलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्याचेच खडे बनतात. पण म्हणून कडक उपास नकोत. वजन झपाट्यानं उतरलं तरी खडे होतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे.

जामबागेहून कोठीला जायला ऑटो कशाला? चालत जाऊ या. मोदकही खाऊ, पण मोजून. दुखण्याबरोबर ताप किंवा कावीळ दिसली, तर मात्र थेट दवाखाना गाठू या.

गणपती बाप्पा मोरया!