पूजा राहिली म्हणून जीव खाऊ नका

 

बचत गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की आपल्या खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यात एक बोलणं हमखास निघतं. "सोयाबीनची काढणी चालू आहे. आठ दिवस झाले, देवांना आंघोळ नाही की फूल नाही. पाप लागेल का हो?" आम्ही गावोगावच्या गटांत फिरतो आणि हा प्रश्न सगळीकडे ऐकतो. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी आपला दिवस बघू. पहाटे पाणी भरायचं, झाडलोट, गोठा, धार, स्वयंपाक, मुलांचे डबे. मग शेत नाहीतर मजुरी. संध्याकाळी परत चूल आहेच. यात तासाभराची पूजा बसणार कुठे? नाही बसली तर तो आपला आळस नाही. आणि ज्या देवाला आपण माउली म्हणतो, ती माउली लेकीचे कष्ट बघून रागवेल का?

आपले संत आठवा. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्यांनी दळण, कांडण, झाडलोट केली. त्यांच्या अभंगांत जातं आहे, उखळ आहे, शेणी आहेत. विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागला, असं आपण जात्यावर गात आलो. सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. त्यांना आपल्या मळ्यातच विठोबा दिसला. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवता तुडवता नाम घेत. यांनी काम टाकून भक्ती केली नाही, कामातच केली.

गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलंय, की भक्तीनं दिलेलं पान, फूल, फळ, पाणी देवाला पोचतं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. रोजचं कामच देवाला अर्पण करायचं, ही सोपी वाट त्यांनी त्या कैद्यांना सांगितली. तुरुंगात जे जमतं ते आपल्या घरात, शेतात का जमू नये?

मग रोज करायचं काय? आमच्या गटांतल्या बायकांना जमलेल्या चार गोष्टी सांगतो.

सकाळी अंघोळ झाली, की तुळशीला तांब्याभर पाणी आणि देवापुढे एक फूल किंवा तुळशीचं पान. हात जोडून दोन मिनिटं शांत उभं राहायचं. झाली पूजा.

दुसरं, कामात नाम. भाकरी थापताना, खुरपताना रामकृष्णहरी म्हणा, नाहीतर आपल्या कुलदैवताचं नाव घ्या. माळ लागत नाही. खुरपणीची एक पात संपेपर्यंत नाम घ्यायचं, एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

तिसरं, नैवेद्य. जी भाजी-भाकरी केली, तीच आधी देवाला दाखवायची. वेगळं गोडधोड रोज लागत नाही.

चौथं, दिवेलागणीला दिवा आणि शुभंकरोती. हे मुलांकडे द्या, मुलगा असो की मुलगी. देव सगळ्या घराचा आहे, मग त्याचं सगळं एकट्या बाईनंच का करायचं? घरच्या पुरुषानं देव धुतले, वाती लावल्या, तर काही बिघडत नाही.

ज्या दिवशी हात मोकळा असेल, त्या दिवशी सावकाश साग्रसंगीत पूजा करा. एकादशीला देवळात हरिपाठाला बसा. तिथे जिवाला विसावाही मिळतो.

आता थोडं स्पष्ट बोलतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन आलं, की गटाकडे कर्जाची मागणी येते. पाच हजार काढले, तर महिन्याला दोन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचं व्याज शंभर रुपये. ते आपल्याच मजुरीतून जाणार. पाच जणींना बोलवा, हळदीकुंकू लावा, एकेक केळ द्या. व्रत पुरं होतं. आणि त्यात विधवा मैत्रिणीला वगळू नका. जनाबाईंच्या देवानं कुणाला वगळलं नाही, आपण कोण वगळणार?

उपवासाचंही तसंच. पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर तिनं उपाशी राहून उन्हात कामाला जाऊ नये. त्या दिवशी नाम घ्यावं आणि पोटभर जेवावं.

तर मैत्रिणींनो, या चारपैकी एकच गोष्ट निवडा आणि आठ दिवस करून बघा. राहिलेल्या दिवसाचा हिशोब ठेवू नका, हिशोब ठेवायला आपलं रजिस्टर आहे. पुढच्या बैठकीत कुणी काय निवडलं ते एकमेकींना सांगू.

रामकृष्णहरी.